दोर सुटू नये म्हणून

शेंडगेवस्ती, ता. जत
२१ एप्रिल २०२५

सांगलीच्या दुकानदार सायबास,

शेंडगेवस्तीवरनं रंगुबाईचा नमस्कार. माजं हात वाताचं, पेन धरवत न्हाई, म्हनून भावकीतली सून मंगल लिवून घेतीया. बोल माजं, अक्षर तिचं. चूक झाली तर तिची.

डब्यात खेळायचा रिमोट हाय. त्याच्या पोटाला तुमच्या दुकानाची चिठ्ठी चिकटवल्याली हाय, पत्ता तितनंच घेतला. फोनचा नंबर हुता, त्यो घामानं पुसला. पुसला ते बरं झालं. फोनवर मानूस व्हय व्हय म्हनतंय आनि ठिवला की इसरतंय. कागद म्होरं ऱ्हातो.

रिमोट माज्या लेकाचा, दादासोचा. सांगलीत कामाला हुता तवा तुमच्याकडनं घेतलाय. कावीळ झाली आनि गेला. सून तरनी, पदरात पोर. मीच म्हनलं, बाई, दुसरं लगीन कर. तिनं केलं. मानूस बरा हाय. नाशकात असत्यात. नात राणी तिकडंच, नऊ वर्साची हाय.

आता मुद्द्याचं. राणी फोनवर माज्यासंगं बोलत न्हाई. जेवलीस का, हो. शाळंत गेलीस का, हो. झालं, ठिवला फोन. पन तिच्या बापानं तिला एक खेळ शिकवला हुता. दोन मानसं डोंगर चढत्यात, दोघांच्या कमरंला एकच दोर. एकानं दोर धरायचा, दुसऱ्यानं चढायचं. बाप गेला आनि तिला जोडीला कुनी मिळंना. तवा मी मंगलच्या घरनं इंटरनेटची वायर ओढून घेतली, दादासोची मशीन लावली आनि शिकले. लय दिवस लागलं, पन शिकले. दर आयतवारी आमी डोंगर चढतो. आनि चढता चढता पोर बोलती बगा. बाई कशी शिकवती, दात कवा पडला, नव्या घरात कुटं झोपती, सगळं. एकदा बापाचं बी काडलं.

पन दोर धरायचं बटन वरल्या अंगाला हाय, पयल्या बोटाखाली. ते दाबूनच ठिवावं लागतं. माज्या बोटाला कळ येती आनि बोट आपसूक उटतं. दोर सुटतो, पोर खाली पडती. काल लय येळा पडली. म्हनली, "आज्जी, तू सोडतेसच."

तवा सायेब, ह्यो रिमोट असा करून द्या की माज्या हातनं दोर सुटनार न्हाई. दुसरं काय मागत न्हाई.

रंगुबाई आकाराम शेंडगे

~

सांगली, गावभाग
२८ एप्रिल २०२५

ती. रंगुबाई मावशींस,
सा. न. वि. वि.

दुकानात साहेब कोणी नाही. मीच आहे, चारुशीला. आधी भाऊ होता, तो पुण्याला गेला. आता कंट्रोलर दुरुस्त करणं, झिजलेली रबरं बदलणं, हाताला बसेल असं बाहेरचं कवच करून देणं, सगळं एकटीच करते.

दादासो मला आठवतात. डाव्या अंगठ्याखालचं रबर झिजवून यायचे आणि काउंटरवर ठेवून म्हणायचे, "परत खाल्लं बघा." त्यांची बातमी तुमच्या पत्रातून कळली. वाईट वाटलं, मावशी.

खरं सांगते, पत्र वाचून मी डबा परत पाठवायला बांधला होता. हे यंत्र तुमच्या हातासाठी केलेलंच नाही, मी त्यात काय करणार, असं वाटलं. मग माझ्या फळीवर जुने कंट्रोलर मांडलेत तिकडे नजर गेली. सगळ्यात पहिला म्हणजे एक ठोकळा, त्यावर उभी दांडी आणि एकच लाल बटण. डाव्या हाताने ठोकळा आवळून धरायचा, उजव्याने दांडी ओढायची. मनगट भरून यायचं. त्याच्या शेजारी चपटा आयताकृती, कंपासपेटीच्या झाकणाएवढा. त्याचे कोपरे तळव्यात रुतायचे. माझ्या भावाच्या अंगठ्याला त्यानं फोड आणले होते आणि आईनं ते यंत्र कोठीत कुलपात घातलं होतं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की माणसाचा तळवा सपाट नसतो, आणि खाली दोन मुठी आल्या. मग अंगठ्यांसाठी गोल दांड्या. मग बोटांसाठी वर ट्रिगर, म्हणजे बंदुकीला घोडा असतो तसं बटण. तुम्हाला छळतंय ते हेच.

एवढी सुधारणा झाली, पण हात मात्र एकच धरून चालले: तरण्या, धडधाकट मुलाचा. मग डबा पुन्हा सोडला.

तर करू. तुमच्या दोन्ही हातांची बाह्यरेषा कागदावर काढून पाठवा. हात कागदावर ठेवायचा आणि पेन्सिल कडेकडेने फिरवायची. आणि एक विचारायचं आहे. दादासोंचा कंट्रोलर मला उघडावा लागेल. आतलं यंत्र नव्या कवचात घालीन, जुनं कवच परत देईन. चालेल का?

आपली,
चारुशीला

~

शेंडगेवस्ती
६ मे २०२५

चारुशीलाबाईस,

बाई हायस ते बरं झालं. गड्याला सांगायचं म्हंजे निम्मं गिळावं लागतं. आता तुला अगं तुगंच करनार, राग मानू नगंस.

तुज्या फळीवरचं वाचून मंगल आनि मी लय हासलो. कोपरं टोचत्यात हे कळायला येवडी वर्सं गेली व्हय? आमची मानसं मेंढरं कातरायच्या कातरीला पयल्याच दिवशी चिंधी गुंडाळत्यात.

रिमोट खोल. इचारलंस ते बरं केलंस. पन डाव्या बाजूला त्याच्या अंगठ्यानं जागा गुळगुळीत झालीया, तिला पॉलिश बिलिश करू नगंस.

पेन्सिल फिरवायचं काय आमाला जमलं न्हाई, रेघ हिकडं तिकडं पळाया लागली. मग म्हनलं पंजाच उठवू. भंडारा तेलात कालवला आनि दोन्ही हाताचं पंजं कागदावर उठवलं. दाराशी उठवतो तसंच. पाची बोटं निगुतीनं आल्यात, बगून घे.

रिमोट तुज्याकडं, म्हनून आयतवार सुने जात्यात. राणीला फोनवर सांगितलं तवा हासली. पन हासू खरं न्हवतं. बिगीनं कर.

रंगुबाई

~

सांगली
२२ मे २०२५

ती. मावशींस,

पंजे फार सुंदर आले आहेत. हात मोठा आहे तुमचा, आणि बोटं चांगली सरळ उघडतात. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्रास कमी दिसतोय, बरं वाटलं.

त्या मापाने थ्री-डी प्रिंटरवर नवं कवच काढलं आहे. मुठी रुंद केल्या, बोटं लांब पसरून बसतील अशा. ट्रिगरची स्प्रिंग अगदी हलकी केली, नुसतं बोट टेकलं तरी दोर धरला जाईल. तळव्याला रबर लावलंय.

या रविवारी चढून बघा आणि कळवा.

चारुशीला

~

शेंडगेवस्ती
२ जून २०२५

चारुशीला,

ह्यो रिमोट चांगला हाय, पन कुनाचा हाय? माजा न्हाई. धरला की मांडीवर पडतो. रुंद मूठ माज्या हातात शिरतच न्हाई, मग तुजं हलकं बटन घिऊन करू काय? दोन आयतवार झगडले. काल राणी अर्ध्या डोंगरावरनं तीनदा पडली. मग म्हनली, "आज्जी, पुढच्या रविवारी मी मैत्रिणीकडं जाणार आहे." मी म्हनलं जा. काय म्हननार?

रिमोट बंद केल्यावर मशीनीम्होरं बसून ऱ्हायले. जीव लय जळला माजा. पोरीला आता दुसरा बाप हाय, दुसरं घर हाय, ते असू दे, बरंच हाय. पन ही आयतवारची वाट बी बुजली तर मला ती परत घावनार न्हाई. एवडं ध्यानात घे आनि काय करायचं ते कर. मी हटनार न्हाई आनि तुला बी हटू देनार न्हाई.

रंगुबाई

ता.क. चारुशीलाताई, हे मी मंगल लिहिते, आत्याबाईंना वाचून दाखवलेलं नाही. तुमच्या पत्रात बोटं सरळ उघडतात असं होतं. आत्याबाईंची बोटं सरळ होत नाहीत. छाप्याच्या वेळी त्यांनी मला त्यांच्या हातावर गुडघा ठेवून दाबायला लावलं. डोळ्यांत पाणी आलं तरी म्हणाल्या, दाब. अर्धा पंजा कागदावर उठवत नसतात म्हणाल्या.

~

सांगली
६ जून २०२५

ती. मावशींस,

कंट्रोलर परत पाठवा. मीही हटत नाही.

छाप्यावरून मला लांबी-रुंदी कळते, खोली कळत नाही. कंट्रोलर तर तळव्याच्या खोलीतच बसतो. म्हणून आता कागद नको. मऊ मातीचे दोन गोळे घ्या, संत्र्यापेक्षा थोडे मोठे. चहाची कपबशी हातात घ्यावी इतक्याच सहज हातात घ्या आणि सोडून द्या. कोणी मदत करायची नाही. सावलीत वाळवून पाठवा.

हात जसा आहे तसाच हवा मला. चांगला दिसायला नको आहे.

चारुशीला

~

शेंडगेवस्ती
१४ जून २०२५

चारुशीला पोरी,

"कोणी मदत करायची नाही." मंगलनं तुला चोरून कळवलंय न्हवं? मला काय उमगत न्हाई व्हय. आता ती मान खाली घालून ह्ये लिवतीया.

आगं, पंजा उठवायचा म्हंजे पाची बोटं आनि भरला तळवा. लग्नात, नव्या घरात, मेंढराच्या पूजंला, कवाबी. अर्धा पंजा उमटला की बाया म्हनत्यात घरात कायतरी उनं पडनार. दादासो गेला त्या साली दिवाळीला माजा पंजा असाच अर्धा उमटला हुता. म्हनून म्हनलं दाब. त्यात तुला फशिवायचं न्हवतं.

बुधवारी बेंदूर झाला. आमच्याकडं कर्नाटकासंगंच करत्यात. मातीचं बैल करायला तळ्याची चिकन माती आनल्याली, त्यातलीच घेतली. दोन गोळं धरलं आनि सोडलं. कुनी हात लावला न्हाई. दिसाया लय वंगाळ दिसत्यात, बोटाच्या जागी नुसती भोकं. फुटू नयेत म्हनून लोकरीत गुंडाळल्यात. रिमोट बी त्याच डब्यात हाय.

मालक मेंढरं घिऊन कराडच्या अंगाला गेल्यालं, ते परत आल्यात. म्हनले, म्हातारपनी कसलं डोंगर चढतीस. म्हनलं, तुमी जलमभर रान तुडवलं, मी इचारलं का? मग गेल्या आयतवारी त्यांनीच मशीन लावून दिली, पन पलीकडं राणी न्हवती.

रंगुबाई

~

सांगली
८ जुलै २०२५

ती. मावशींस,

गोळे अखंड पोचले. सोबत नवा कंट्रोलर पाठवते आहे, त्याला इतका वेळ का लागला ते सांगते.

मी तुमचं बोट दाबायला लावायच्या मागे लागले होते. स्प्रिंग हलकी करू, बटण खाली आणू, मोठं करू. तसे तीन करून बघितले. माझ्या बोटांना चिकटपट्टी बांधून ती तुमच्यासारखी वाकडी केली आणि खेळून बघितलं. तिन्ही वेळा थोड्या वेळाने कळ आली आणि दोर सुटला. चिडून सगळं बाजूला ठेवलं आणि तुमचा गोळा नुसता हातात घेऊन बसले.

तुम्ही गोळा आवळलेला नाही, तरी तो हातातून निसटत नाही. तुमचा हात उघडत नाही, मावशी, पण तो धरलेलाच असतो. मग आणखी दाबायचं कशाला?

म्हणून आतली जोडणी उलटी केली. बोटाखाली आता बटणच नाही. दोर कायम धरलेला आहे. तुम्ही हात नुसता ठेवलात, झोपलात, तरी धरलेला. सोडायचा असेल तेव्हाच काम करायचं. उजव्या तळव्याच्या मुळाशी एक पट्टी आहे, गोळ्यात तिथे खोल खळगा होता म्हणजे जोर तिथे आहे. मूठ आवळली की पट्टी दबते आणि दोर सुटतो. मूठ सैल, दोर पक्का. चढायला अंगठ्याच्या दांड्या आहेत तशाच ठेवल्यात.

आकार गोळ्यांचाच आहे. डावा आणि उजवा वेगवेगळे आहेत, दिसायला वाकडेतिकडे. हातात घ्या म्हणजे कळेल.

दादासोंचं कवच वेगळं बांधलंय. डावी बाजू पुसलीसुद्धा नाही.

चारुशीला

~

शेंडगेवस्ती
१५ जुलै २०२५

चारुशीला,

बसला. हातात असा बसला की मालकाला म्हनलं, ओढून दावा. त्यांनी ओढला, निघाला न्हाई.

सुनंला फोन करून राणीला बोलावनं धाडलं. म्हनलं, आज्जीनं नवा रिमोट केलाय, एकडाव ये. आयतवारी आली. पयला कडा चढली, मी नुसता हात ठिवला हुता, कळ न्हाई का काय न्हाई. दुसऱ्या कड्याला वारं सुटतं खेळात. तिचा पाय घसरला आनि ती वरडली, "आज्जी, धर." मी धरलं. म्हंजे आवळलं. आनि दोर सुटला.

पडली. परत चढली, परत वरडली, परत मी आवळलं. चौथ्या खेपंला ती वरडलीच न्हाई. गप ऱ्हायली आनि पडली. पोर वरडायची थांबली ते मला तिच्या पडन्यापरास लागलं बग.

मंगल म्हनली, परत पाठवू, ताई सुलटं करून देतील. म्हनलं, न्हाई. रिमोट बराबर हाय, खोड माजी हाय. मेंढरू वडलं की आवळ, घागर निसटली की आवळ, जलमभर एवडंच केलं. पोर हाक मारती आनि आपुन हात सैल सोडायचा, ह्ये माज्या हाडाला म्हाईत न्हाई. पन शिकनार. ही खोड कशी मोडायची तेवडं सांग.

दुसरं, रबरानं हाताला घाम येतो. मी वरनं लोकरीचं सूत गुंडाळलंय. तुज्या कामात हात घातला म्हनून रागवू नगंस.

रंगुबाई

~

सांगली
२० जुलै २०२५

ती. मावशींस,

रागवत नाही. मलाही कवच प्रिंट करताना ते सुचायला हवं होतं.

खोड मोडायचा एकच उपाय मला सुचतो. उजव्या हातात कंट्रोलरऐवजी पापड धरून बसा. भाजलेला. मंगलला पाठीमागे उभं करा, आणि ती अचानक "आज्जी, धर" असं ओरडेल. पापड मोडला की पुन्हा नवा. ओरडताना तिनं दयामाया दाखवायची नाही. पापड शाबूत राहायला लागले की मगच राणीला बोलवा. त्याआधी नाही, कितीही वाटलं तरी.

मी इथे हेच करून बघितलं. आईला ओरडायला लावलं. माझेही मोडले.

चारुशीला

~

शेंडगेवस्ती
११ ऑगस्ट २०२५

चारुशीला पोरी,

पापड संपलं. मंगलच्या घरचं बी संपलं. मग कोंबडीची अंडी घेतली, कारन पापड मोडला तर नुकसान न्हाई, अंडं फुटलं की सगळा हात माखतो आनि मानूस शिकतं. मंगल चुलीम्होरनं वरडायची, अंगनातनं वरडायची. मालक तर मेंढराला हाळी देतात तशी हाळी देऊ लागलं. शेजारची बाई इचाराया आली, रंगुबाईला काय झालं? म्हनलं, हात सैल सोडायला शिकतीया.

मग एक दिस ध्यानात आलं. "धर" ऐकू आलं की मी खांदं खाली सोडते आनि श्वास सोडते. तसं केलं की हात आपसूक सैल पडतो. त्या दिशी अंडं ऱ्हायलं. दुसऱ्या दिशी बी ऱ्हायलं.

काल आयतवार. राणीला आदल्या दिशी सांगितलं. ती म्हनली, "तू सोडशील." म्हनलं, सोडला तर परत बोलावनार न्हाई.

पयला कडा झाला. दुसऱ्याला वारं आलं, पाय घसरला. आता ती वरडत न्हाई ना, गपच. मीच म्हनलं, "राणी, वरड की." मग वरडली, "आज्जी, धर." मी श्वास सोडला. ती दोराला लोंबकळत ऱ्हायली, हिकडनं तिकडं झोके घेतीया, आनि दोर काय सुटंना. मग म्हनली, "आज्जी, तू धरलंयस?" म्हनलं, व्हय. "हात दुखतोय?" म्हनलं, न्हाई. "मग मी जरा अशीच राहू?" म्हनलं, ऱ्हा की, मला कुटं जायचंय.

तिथं लोंबकळतच बोलाया लागली. म्हनली, पप्पा मुद्दाम दोर सोडायचे आणि हसायचे. मी पडले की म्हणायचे, जा, परत ये. मग म्हनली, तू सोडायचीस तेव्हा मला वाटायचं तूपण गंमत करतेस, पण तू हसायची नाहीस. मालक मागं उभं हुतं, ते भाईर निघून गेलं.

शेंड्याला पोचलो. तिथं निशान लावायचं असतं, ते लावलं. मग म्हनली, "आज्जी, दिवाळीला मी तिकडं येऊ का? मम्मी पाठवते म्हणाली."

पोरी, तुजं उपकार मी तोंडानं सांगत न्हाई.

रंगुबाई

~

सांगली
१८ ऑगस्ट २०२५

ती. मावशींस,

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, परत वाच.

उपकार राहू दे. फक्त एक मागते. तुमच्या हाताचा एक छापा पाठवा, पण खरा. मंगलचा गुडघा नको. आधीचा सुंदर होता, पण त्यानेच मला चकवलं. हा मी फळीवर लावणार आहे, जुन्या कंट्रोलरच्या रांगेत सगळ्यात शेवटी. कोणी विचारलं की सांगेन, या हातासाठी शेवटचा केला.

अर्ध्या पंजाचं तुम्ही लिहिलं होतंत ते लक्षात आहे. नको वाटत असेल तर पाठवू नका, मी पुन्हा विचारणार नाही.

चारुशीला

~

शेंडगेवस्ती
२७ ऑक्टोबर २०२५

चारुशीला पोरी,

लय दिवस उत्तर दिलं न्हाई. तू मागितलास त्यो छापा उठवायचं धाडस हुईना. कागद काडायची, भंडारा कालवायची, परत ठिवून द्यायची.

दिवाळीला राणी आली. सून आनून सोडून गेली, चार दिवस ऱ्हायली पोर. पयल्या दिशी लाजली, मंगलच्या आडच बसली. संध्याकाळी मशीन लावली आनि एकाच चटईवर बसून डोंगर चढलो, मग काय, तोंड बंद हुईना तिचं. तिला तिच्या बापाच्या रिमोटचं रिकामं कवच दिलं. तिनं डावा अंगठा त्या झिजल्या जागी ठिवून बगितला. म्हनली, मोठं होतंय. म्हनलं, हात वाढतो, ठिव. उशाला घिऊन झोपली.

पाडव्याला मेंढरं पूजली. दाराची भिंत सारवल्याली. पंजं उठवायची येळ आली तसं मंगल हळूच म्हनली, आत्याबाई, दाबू का? म्हनलं, हात लावशील तर बग. भंडाऱ्यात हात बुडवला आनि जसा हाय तसा भिंतीला टेकवला. पाच टोकं उमटली आनि खालची कड. मधी भिंत कोरीच ऱ्हायली. भावकीतल्या बाया एकमेकीकडं बगाया लागल्या.

राणी म्हनली, "आज्जी, तुझा हात अर्धाच आला."

म्हनलं, अर्धा न्हाई ग. धरल्याला हाय.

तिनं जरा बगितलं. मग आपला हात भंडाऱ्यात बुडवला आनि माज्या पंजाच्या मधी, त्या कोऱ्या जागंत ठिवला. बोटं जरा भाईर गेली, पन तळवा बराबर बसला. बायास्नी म्हनलं, आता बगा काय उनं ऱ्हायलंय का.

तवा तुला पायजे त्यो छापा आता भिंतीवर हाय, त्यो पार्सलनं धाडता येत न्हाई. बगायचा तर ये. जतला उतर, मालक घ्यायला येतील. आईला बी आन, तिला पापडाचं सांगायचंय.

आयतवारी तेवडी येऊ नगंस. आयतवारी आमी डोंगरावर असतो.

रंगुबाई